‘अमुक वॅटचा’ : मोटारीतील विवर्धकांच्या शक्तिमापनाचा इतिहास व एका षष्ठीचा अर्थविचार

१

यंत्राच्या शक्तीविषयी बोलताना मराठी भाषक सामान्यतः षष्ठीचा आश्रय घेतो. ‘साठ वॅटचा दिवा’, ‘साठ वॅटचा अँप्लिफायर’ आणि ‘साठ वॅटचा स्पीकर’ हे तिन्ही प्रयोग घडणीच्या दृष्टीने एकरूप आहेत. अर्थाच्या दृष्टीने मात्र ते परस्परांपासून पूर्णपणे भिन्न होत. दिवा साठ वॅट घेतो. अँप्लिफायर, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील विवर्धक, साठ वॅट देतो. आणि स्पीकर, म्हणजे ध्वनिक्षेपक, साठ वॅट सोसतो. घेणे, देणे आणि सोसणे या तीन क्रिया ‘-चा’ या एका प्रत्ययाखाली झाकल्या जातात. षष्ठी केवळ संबंध सांगते, संबंधाचे स्वरूप सांगत नाही, ही गोष्ट व्याकरणाच्या अभ्यासकांना नवी नाही. परंतु जेथे संख्येवर पैसे मोजले जातात, तेथे या मौनाची किंमत कोणाला तरी द्यावी लागते.

मोटारीत बसविण्याच्या विवर्धकांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. पनवेलमधून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यासारख्या कोणत्याही वाहत्या मार्गालगत मोटारींच्या सजावटीच्या सामानाची दुकाने असतात. तेथे विकावयास ठेवलेल्या एखाद्या विवर्धकाच्या खोक्यावर ‘१००० वॅट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि त्याच यंत्राच्या पाठीवर पंचवीस अँपिअरचा फ्यूज बसविलेला असतो. मोटारीचे इंजिन चालू असता तिच्या विद्युत् मंडलाचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. पंचवीस गुणिले १४.४ म्हणजे ३६० वॅट. जे यंत्र सतत ३६० वॅटांहून अधिक घेऊ शकत नाही, ते सतत १००० वॅट देते असे मानणे हा ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाचा भंग होय. तरीही खोक्यावरील संख्या सर्वस्वी कपोलकल्पित असतेच असे नाही. ती पुष्कळदा कोणत्या तरी व्याख्येवरून काढलेली असते. फक्त ती व्याख्या खोक्यावर नसते. ही व्याख्या संख्येपासून कशी सुटली आणि तिला पुन्हा संख्येशी जोडण्याचे कोणते प्रयत्न झाले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

मापाचे नाव एक आणि मूल्ये अनेक, हा अनुभव पनवेलसारख्या व्यापारी गावाला नवा नव्हे. पनवेल हे खाडीवरील जुने बंदर. मुंबईहून पाण्याने आलेला माल येथे उतरे आणि बोरघाटाने देशावर चढे. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला, आणि पनवेल-पुणे मार्गावरील चाकांच्या वाहतुकीस जोर आला. गाड्यांची चाके बनविण्याच्या धंद्यासाठी हे गाव ब्रिटिश अमदानीत प्रसिद्ध होते. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. १८६३ मध्ये लोहमार्गाने घाट ओलांडल्यावर या व्यापाराचा ओघ दुसरीकडे वळला. तथापि रस्त्याचे गाव ही पनवेलची ओळख पुसली गेली नाही. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच परिसरातील कळंबोलीपासून सुरू होतो.

अशा गावात ‘मण’ या शब्दाचा अर्थ स्थलनिरपेक्ष असणे शक्य नव्हते. जुना मुंबई मण २८ पौंडांचा होता. रेल्वेने प्रमाण मानलेला बंगाली मण ८२ पौंडांहून किंचित अधिक होता. दोहोंचे नाव एक. वजन मात्र जवळजवळ तिप्पट. म्हणून ‘दहा मण’ हे विधान ‘कोणता मण?’ या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत अपुरे राही. मुंबई इलाख्यातील १९३२ चा वजने व मापे यांविषयीचा कायदा, पुढे १९५६ चा अखिल भारतीय कायदा आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झालेला मेट्रिक पद्धतीचा अवलंब यांनी हा प्रश्न निकालात काढला.

गाडीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न असे. जे ओझे बैलजोडी सपाटीवर सहज ओढी, ते घाटाच्या चढणीवर तिला ओढवत नसे. आणि जे ती चार पावले ओढू शके, ते खंडाळ्यापर्यंत ओढू शकत नसे. म्हणजे गाडीची कुवत सांगावयाची तर ओझ्याबरोबर चढ आणि पल्ला हेही सांगणे भाग होते. ‘कोणते माप?’, ‘कोणत्या परिस्थितीत?’ आणि ‘किती वेळ?’ हे तीन प्रश्न विवर्धकाच्या इतिहासातही याच क्रमाने उभे राहतात.

३

यंत्राची शक्ती संख्येने सांगण्याची प्रथा घोड्यापासून सुरू झाली. इंग्लंडमध्ये टॉमस सेव्हरी याने १७०२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द मायनर्स फ्रेंड’ या पुस्तिकेत खाणीतील पाणी उपसणाऱ्या आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना घोड्यांशी केली आहे. ही तुलना कशी केली हे पाहण्यासारखे आहे. एका वेळी दोन घोडे जे काम करतात, ते अहोरात्र चालू ठेवावयाचे तर पाळीपाळीने जुंपण्यासाठी दहाबारा घोडे पदरी बाळगावे लागतात. सेव्हरीने आपल्या यंत्राची बरोबरी या बाळगलेल्या घोड्यांच्या संख्येशी लावली. यंत्राला विश्रांती लागत नाही, त्यामुळे खाणमालकाच्या खर्चाच्या दृष्टीने हा हिशेब गैर नव्हता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, एकच यंत्र एका रीतीने दोन घोड्यांचे, तर दुसऱ्या रीतीने दहा घोड्यांचे ठरले. तबेल्यात उभे असलेले घोडे मोजावयाचे की जुंपलेले, हा तो वाद होय. वाढीव शक्तिनिर्देशाच्या पद्धतीचे हे एक आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

जेम्स वॅट याने १७८० नंतरच्या दशकात या संदिग्धतेला आळा घातला. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटास ३३,००० फूट-पौंड काम, अशी व्याख्या त्याने रूढ केली. येथे घोडा नाममात्र राहिला. काम आणि वेळ यांचे गुणोत्तर हे खरे माप झाले. १८८२ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात विल्यम सीमेन्स याने विद्युत् शक्तीच्या एककाला वॅटचे नाव द्यावे असे सुचविले, आणि १९४८ साली वजने व मापे यांच्या नवव्या सर्वसाधारण परिषदेने या एककाला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. एक अश्वशक्ती सुमारे ७४६ वॅटांची होते.

मराठीत ‘अश्वशक्ती’ हा अनुवादित शब्द आणि ‘वॅट’ हा उसना शब्द असे दोन्ही स्थिरावले. मात्र बहुसंख्य मराठी घरांत ‘वॅट’ या शब्दाचा परिचय झाला तो विजेच्या दिव्यामुळे. दिव्यावरील साठ किंवा शंभर हा आकडा यंत्राने घेतलेल्या शक्तीचा असून वीजमंडळाच्या बिलाशी त्याचे सरळ नाते होते. अधिक वॅट म्हणजे अधिक उजेड आणि अधिक खर्च, हे समीकरण लोकांच्या अनुभवाला उतरलेले होते. तेच समीकरण घेऊन ग्राहक विवर्धकाकडे वळला. तेथे आकडा घेण्याचा नसून देण्याचा आहे, आणि अधिक आकड्याने खर्चाचा चिमटा लगेच बसत नाही, हा भेद भाषेने त्याला सांगितला नाही. दिव्याच्या आकड्यावर बिलाचा जो अंकुश होता, तो विवर्धकाच्या आकड्यावर राहिला नाही.

४

मोटारीत ध्वनी निर्माण करण्याचा इतिहास हा अल्प विद्युत् दाबाशी झगडण्याचा इतिहास आहे. १९३० साली शिकागो येथील गॅल्व्हिन बंधूंनी ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीने यूरोपातील पहिला मोटार-रेडिओ तयार केला. त्या काळच्या इलेक्ट्रॉन नलिकांना शेदोनशे व्होल्टांचा दाब लागे, आणि मोटारीची बॅटरी साधारणतः सहा व्होल्टांची असे. म्हणून कंपित्र या यांत्रिक साधनाने प्रवाह सारखा तोडून-जोडून रोहित्रामार्फत दाब वाढवावा लागे. पन्नाशीच्या दशकात मोटारी बारा व्होल्टांच्या झाल्या. १९५५ मध्ये क्रायस्लर व फिल्को या कंपन्यांनी संपूर्णपणे ट्रँझिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. ट्रँझिस्टर अल्प दाबावर काम करतो, त्यामुळे कंपित्राची गरज संपली. परंतु त्याबरोबरच विवर्धकाची शक्ती बॅटरीच्या दाबाने बांधली गेली.

हे बंधन गणिताने नेमके सांगता येते. दाब १४.४ व्होल्ट असता साध्या विवर्धकाचा निर्गत तरंग मध्यबिंदूच्या वर व खाली फार तर ७.२ व्होल्ट जाऊ शकतो. या ज्या-तरंगाचा परिणामी दाब ५.०९ व्होल्ट, आणि चार ओहम संरोधाच्या ध्वनिक्षेपकात त्याची सरासरी शक्ती साडेसहा वॅटांच्या आत येते. दोन विवर्धक परस्परविरुद्ध दिशांनी जोडून सेतुरचना केली, तर तरंग पूर्ण १४.४ व्होल्टांपर्यंत जातो आणि शक्ती चौपट, म्हणजे सुमारे २६ वॅट होते. हीसुद्धा आदर्श मर्यादा आहे. ट्रँझिस्टरांत होणारा दाबाचा व्यय वजा जाता प्रत्यक्षात विकृतिरहित शक्ती त्याहून कमीच मिळते.

मोटारीच्या दर्शनी फळीत बसणाऱ्या यंत्रावर ‘५० × ४’ अशी संख्या का आढळते, याचा उलगडा याच गणितातून होतो. विवर्धकाला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलले की ज्या-तरंगाचा माथा कापला जातो आणि तो चौकोनी तरंगाकडे झुकतो. पूर्ण चौकोनी तरंगाचा परिणामी दाब १४.४ व्होल्टच असतो. त्याचा वर्ग भागिले चार म्हणजे सुमारे ५२ वॅट. तेव्हा ‘पन्नास’ हा आकडा खोटा नाही. तो पूर्ण विकृत झालेल्या ध्वनीचा आकडा आहे. अशा यंत्राच्या मागे बहुधा दहा किंवा पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो. दहा अँपिअरचा फ्यूज १४४ वॅटांचा प्रवेश सुचवितो, आणि खोक्यावरील चार वाहिन्यांची बेरीज मात्र २०० वॅटांची असते.

याहून अधिक शक्ती हवी असल्यास दोनच मार्ग उरतात : ध्वनिक्षेपकाचा संरोध कमी करणे, किंवा दाब वाढविणे. स्वतंत्र विवर्धकांत दुसरा मार्ग अवलंबिला जातो. त्यांच्यातील परिवर्तक बॅटरीचा दाब आतल्या आत वाढवितो, आणि त्यामुळे शंभर वॅट किंवा त्याहून अधिक शक्ती खरोखर मिळू शकते. परंतु परिवर्तक शक्ती निर्माण करीत नाही. दाब वाढला त्या प्रमाणात बॅटरीकडून घेतला जाणारा प्रवाहही वाढतो. हिशेब अखेर बॅटरीच्या तारेपाशी आणि फ्यूजपाशीच येऊन पोहोचतो.

५

संख्या व तिची व्याख्या यांची फारकत प्रथम घरगुती ध्वनियंत्रांच्या क्षेत्रात झाली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील उत्पादकांच्या संस्थेने ‘संगीत-शक्ती’ ही संकल्पना मान्य केली. तिचे मूळ समर्थन विचारार्ह होते. संगीत हा अखंड एकसारखा ध्वनी नव्हे. तबल्याचा ठेका किंवा झांजेचा आघात क्षणभर टिकतो. त्या क्षणी विवर्धकाच्या वीजपुरवठ्याचा दाब अद्याप खाली आलेला नसतो, म्हणून यंत्र क्षणभर अधिक शक्ती देऊ शकते. ही क्षणिक क्षमता मोजण्यासाठी पुरवठ्याचा दाब कृत्रिम रीतीने स्थिर ठेवून मापन करीत. दुबळा पुरवठा असलेल्या यंत्राला यामुळे मोठी संख्या लाभे. ज्याचा पुरवठा भक्कम त्याला या पद्धतीचा लाभ कमी. ज्याचा पुरवठा हलका त्याला अधिक. गुणवत्तेचा निर्देश करण्यासाठी निघालेले माप अशा रीतीने उणिवेवर पांघरूण घालू लागले.

पुढची पायरी ‘शिखर-शक्ती’ची. ज्या-तरंगाच्या माथ्यावरील क्षणिक शक्ती सरासरी शक्तीच्या दुप्पट असते. म्हणून पन्नास वॅटांचा विवर्धक केवळ व्याख्या बदलून शंभरांचा होतो, आणि दोन वाहिन्यांची बेरीज केली की दोनशेंचा. यंत्रात एकही भाग बदललेला नसतो.

या स्थितीला आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून अमलात आलेल्या या नियमाने असे ठरविले की, शक्तीचा दावा करावयाचा तर तो सतत मिळणाऱ्या सरासरी शक्तीचा असावा आणि त्यासोबत भाराचा संरोध, कंप्रतापट्टा व विकृतीचे प्रमाण नमूद असावे. मापनापूर्वी यंत्र दावा केलेल्या शक्तीच्या एकतृतीयांशावर तासभर चालविणे आवश्यक होते. सन २००० मध्ये हे प्रमाण एकअष्टमांश करण्यात आले. २०२४ च्या सुधारणेने आठ ओहमांचा भार आणि २० ते २०,००० हर्ट्‌झ हा कंप्रतापट्टा नियमानेच निश्चित केला. सेव्हरीच्या काळात जो प्रश्न घोडे जुंपलेले की बांधलेले असा होता, त्याचे विद्युत् युगातील उत्तर म्हणजे हा ‘सतत’ शब्द होय.

परंतु या नियमाची व्याप्ती घरगुती करमणुकीच्या साधनांपुरती होती. मोटारीतील विवर्धक तीत येत नव्हते, आणि तेथे संख्यांची चढाओढ तशीच चालू राहिली. भारतात हीच चढाओढ १९९० नंतरच्या दशकात ‘पी.एम.पी.ओ.’ या अक्षरांनी घरोघरी पोहोचली. पीक म्युझिक पॉवर आउटपुट या शब्दसमूहाचे हे लघुरूप. यातील ‘शिखर’ आणि ‘संगीत’ हे दोन्ही शब्द वर सांगितलेल्या दोन सवलतींचे अवशेष आहेत; पण त्यांची एकत्र व्याख्या कोणत्याही मान्य प्रमाणकात केलेली नाही. त्यामुळे कॅसेटच्या लहान यंत्रावरही शेकडो वॅटांचा पी.एम.पी.ओ. छापला जाऊ शकला. अर्थशास्त्रात ज्याला चलनवाढ म्हणतात, तिचे हे भाषिक रूप होय. संख्या वाढत गेली आणि तिची खरेदी करण्याची कुवत घटत गेली.

या चढाओढीवर ग्राहकांच्या बोलीने आपल्या परीने तोडगा काढला. ‘आर.एम.एस. किती?’ असा प्रश्न जाणते गिऱ्हाईक विचारू लागले. काटेकोरपणे पाहता हा शब्दही चुकीचा आहे. वर्गमाध्यमूळ ही संज्ञा दाबाला किंवा प्रवाहाला लागू होते. त्यांच्यावरून निघणारी शक्ती ही साधी सरासरी शक्ती असते. तथापि भाषाभ्यासकाने या प्रयोगाला अपशब्द म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. बोलीत ‘आर.एम.एस.’ या तीन अक्षरांचा अर्थ गणितातील उरलेला नसून ‘खरे किती ते सांगा’ असा झाला आहे. मण म्हटल्यावर ‘कोणता मण?’ असे विचारण्याचीच ही नवी रीत होय. खेदाची गोष्ट एवढीच की, हेही पद बाजाराच्या हाती लागले असून अनेक खोक्यांवर कोणतीही अट न सांगता ‘आर.एम.एस.’ छापलेले आढळते.

मोटारीच्या विवर्धकांसाठी स्वतंत्र प्रमाणक अमेरिकेतील कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक ‘सी.ई.ए.-२००६’ असा आहे. यातील २००६ हा प्रमाणकाचा अनुक्रम आहे, वर्ष नव्हे. दाब १४.४ व्होल्ट, भार चार ओहम, आणि विकृती व गोंगाट मिळून एक टक्क्याच्या आत, अशा अटींवर मोजलेली शक्तीच या प्रमाणकानुसार सांगता येते. या प्रमाणकाचे पालन ऐच्छिक आहे. तरी ज्या उत्पादकाने ते पाळले, त्याच्या संख्येमागे काही निश्चित अर्थ असतो, आणि दोन उत्पादकांच्या संख्यांची तुलना करता येते.

६

हा इतिहास ध्यानात घेता, हाती आलेल्या यंत्राची खरी शक्ती कशी ठरवावी, या प्रश्नाचे उत्तर दोन पातळ्यांवर देता येते.

पहिली पातळी अनुमानाची. फ्यूजचा आकडा १४.४ ने गुणावा. हा प्रवेशशक्तीचा अंदाज झाला. विवर्धक ‘एबी’ वर्गाचा असल्यास त्याचा सुमारे निम्मा ते तीनपंचमांश हिस्सा, आणि ‘डी’ वर्गाचा असल्यास सुमारे चारपंचमांश हिस्सा ध्वनिक्षेपकाकडे जातो. उरलेल्याची उष्णता होते. आरंभी उल्लेखिलेल्या पंचवीस अँपिअरच्या यंत्रास हा हिशेब लावला, तर ३६० वॅटांपैकी पहिल्या वर्गात १८० ते २१५ आणि दुसऱ्या वर्गात २९० च्या आसपास वॅट संभवतात. येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. फ्यूज आपल्या आकड्यावर तत्काळ वितळत नाही, त्यामुळे क्षणिक आघातात यंत्र याहून अधिक देऊ शकते. उलट, मोठा फ्यूज बसविल्याने यंत्र मोठे होत नाही. म्हणून फ्यूज हा वरच्या मर्यादेचा साक्षीदार आहे. खालच्या मर्यादेची हमी तो देत नाही. यंत्राचे वजन, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंखांचा आकार आणि वीजतारेची जाडी ही याच प्रकारची पूरक साक्ष होय.

दुसरी पातळी प्रत्यक्ष मापनाची. ध्वनिक्षेपकाऐवजी चार ओहमांचा भक्कम रोधक जोडावा. पुरवठ्याचा दाब विवर्धकाच्या अग्रांपाशीच मोजून १४.४ व्होल्टांवर स्थिर ठेवावा. बॅटरीपाशी मोजल्यास तारेतील घट नजरेतून सुटते. हजार हर्ट्‌झचा ज्या-तरंग देऊन दोलनदर्शकावर तरंगाचा माथा पाहत राहावे, आणि तो सपाट होण्याच्या बेतात येताच थांबून परिणामी दाब वाचावा. त्याचा वर्ग भागिले चार ही शक्ती. दाब वीस व्होल्ट आला तर शक्ती शंभर वॅट. सर्व वाहिन्या एकाच वेळी चालू ठेवूनच हे करावयाचे. एकाच वाहिनीचे मापन करून चारने गुणणे म्हणजे बैलजोडीची सपाटीवरील कुवत घाटासाठी गृहीत धरणे होय. विकृती दहा टक्क्यांपर्यंत चालवून घेतली, तर त्याच यंत्राची संख्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्शाने वाढते. इंजिन बंद ठेवून १२.६ व्होल्टांवर मोजली, तर सेतुरचनेच्या विवर्धकाची आदर्श मर्यादा २६ वॅटांवरून २० वॅटांच्या खाली येते. यंत्र तेच, अट बदलली की संख्या बदलते.

आणि एवढे करूनही मिळालेली संख्या आवाजाची नव्हे. शक्ती दुप्पट झाल्याने ध्वनीची पातळी केवळ तीन डेसिबेलांनी वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटावयास शक्ती सुमारे दसपट व्हावी लागते. पाचशे आणि हजार या आकड्यांत ग्राहकाला जे अंतर दिसते, ते त्याच्या कानाला जेमतेम जाणवते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेलांची मर्यादा घातली, ती वॅटांत सांगितली नाही, हे या दृष्टीने सूचक आहे. कायद्याने यंत्राच्या खोक्यावरील आकडा विचारात घेतला नाही. त्याने आवाज जेथे पोहोचतो तेथे मोजण्याची व्यवस्था केली. मिरवणुकीतील गाडीवर कितीही वॅट लिहिलेले असोत, शेजारच्या घरातील रुग्णाच्या कानाशी संबंध असतो तो डेसिबेलांचा.

७

वरील विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. विवर्धकांच्या शक्तिमापनाचा इतिहास हा अधिकाधिक अचूक उपकरणांचा इतिहास नाही. व्होल्टमापी आणि रोधक यांच्या साहाय्याने हे मापन १९३० सालीही करता आले असते. तो संख्येसोबत अटी सांगावयास भाग पाडण्याचा इतिहास आहे. वॅटने घोड्याला काम आणि वेळ यांच्या अटी लावल्या. वजनमापांच्या कायद्यांनी मणाला स्थलनिरपेक्ष केले. १९७४ च्या नियमाने व २००३ च्या प्रमाणकाने विवर्धकाच्या संख्येला दाब, भार, विकृती आणि सातत्य यांची वेसण घातली. भारतात १९८६ च्या व त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाच्या दर्जाविषयीचे खोटे निवेदन ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. परंतु एखादे निवेदन खोटे आहे हे सिद्ध करावयाचे, तर ते मुळात पूर्ण निवेदन असावे लागते. ‘१००० वॅटचा’ हे वाक्यच नव्हे. त्यात क्रियापद नाही, म्हणून ते खोटे पाडणेही दुष्कर आहे.

मराठीच्या प्रकृतीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि तोवरची सर्व पदे त्याच्याकडे वाट पाहत उभी असतात. विवर्धकाच्या खोक्यावर मराठीत लिहावयाचे झाल्यास ते असे असावयास हवे : ‘हा विवर्धक १४.४ व्होल्ट दाबावर, चार ओहमांच्या भारात, एक टक्का विकृतीच्या आत, सर्व वाहिन्या एकाच वेळी चालू असता, प्रत्येक वाहिनीस सतत पन्नास वॅट देतो.’ वाक्य लांब आहे, आकडा लहान आहे, आणि विक्रेत्याला दोन्ही गोष्टी गैरसोयीच्या आहेत. परंतु यातील एकेक पद गाळले, तर त्या आकड्याच्या जागी दुसरा, मोठा आकडा घालता येतो; आणि शेवटचे क्रियापद गाळले, तर कोणताही.